गोळीवाल्याचे दात

आमच्या लॅबमध्ये माणसं येत नाहीत, त्यांची नुसती तोंडं येतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, त्या मापात प्लास्टर ओतलं की सगळा जबडा पांढराशुभ्र होऊन माझ्या टेबलावर येऊन बसतो. सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नंबर आणि काय बनवायचं ते, नाव कधीच नसतं. मी मेणाचे दात कोरते, कवळ्या घासूनपुसून गुळगुळीत करते, आणि ज्यांच्या तोंडात त्या जातात त्यांचं तोंड मला कधी दिसत नाही.

त्या दिवशी सकाळी डबा उघडला, जबडा हातात घेतला आणि माझा हात तिथेच थांबला. खालच्या ओळीतला मधला दात जरा वळून शेजारच्याकडे बघत होता. वरचा सुळा एका कोपऱ्याला तुटलेला. तो कोपरा माझ्याच डोक्याने पाडलेला आहे. मी दोन-अडीच वर्षांची असताना मला उचलून हवेत उडवलं होतं आणि खाली येताना माझं टाळकं उडवणाऱ्याच्याच तोंडावर आपटलं होतं. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झालीय की तो दात मी झोपेतही ओळखेन. जबडा माझ्या बाबांचा होता.

आता बघा. माझे बाबा गोळ्या बनवतात. साखरेच्या, चघळायच्या, रंगीत, कडक. घराच्या मागच्या दोन खोल्यांत भट्टी आणि दगडी ओटा, पुढच्या खोलीत दुकान. बाप दात पाडतो आणि लेक बसवते, घरातल्या घरात धंदा, असं म्हणून अख्खी गल्ली हसते. आम्हीही हसतो. पण स्वतःचे दात दुखायला लागल्यावर हा माणूस पोटच्या पोरीला ताकास तूर लागू न देता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे गेला. का, तर मी ओरडेन म्हणून. आणि त्या डॉक्टरीणबाई आपली सगळी कामं आमच्याच लॅबला पाठवतात, हे बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

आधी हसू आलं. मग मी जबडा खिडकीशी नेला आणि हसू गेलं. मागच्या दाढा दोन्हीकडे नव्हत्याच. उरलेल्या दातांना हिरडीलगत खाचा पडल्या होत्या. वरचे पुढचे दोन दात, तेवढेच काय ते धड उभे होते, पण त्यांची धार कागदासारखी पातळ झाली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘मागच्या दाढांची कवळी. पुढचे दोन वाचवायचा प्रयत्न चालू.’

लॅबमधून सुटले ती तडक दुकानात गेले. बाबा बरण्या पुसत होते.

“तोंड उघडा,” मी म्हणाले.

“का गं? आल्याआल्या पोलिसी खाक्या?”

“बाबा, तुमचा जबडा माझ्या टेबलावर आहे.”

बाबांनी आधी स्वतःची हनुवटी चाचपली. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते शाळेतून पळालेल्या मुलासारखे हसले. आतून आई म्हणाली, “मी सांगत होते, ठकूला सांगा म्हणून. पण ऐकतंय कोण! दातांच्या कण्या केल्या मी.”

“तुझ्या तरी कण्या होतायत,” बाबा म्हणाले. “माझ्या तेवढ्यासुद्धा उरल्या नाहीत.”

मला हसायचं नव्हतं. तरी हसले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई माझ्याच वयाच्या, बोलायला मऊ, पण आडपडदा न ठेवणाऱ्या. त्यांनी बाबांना एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला. दिवसभरात तोंडात काय काय जातं?

“काही नाही,” बाबा म्हणाले. “दोन वेळचं जेवण आणि बिनसाखरेचा चहा. गोळ्या विकतो, पण मी गोड खात नाही. आयुष्यात कधी गोळी चघळली नाही. वर तीनतीनदा ब्रश करतो.”

हे खोटं नव्हतं. बाबांना गोड आवडतच नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले.

“एक सांगते,” बाई म्हणाल्या. “हे असंच चालू राहिलं, तर पुढचे दोनही जातील. जे काही दात खातंय ते थांबलं, तर मी त्यांना टोप्या घालून टिकवू शकते. पण आधी ते काय आहे हे कळायला हवं.”

आम्ही परत निघालो. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर बाबा म्हणाले, “ते दोन गेले तर मी काम कसं करणार गं?”

तोपर्यंत मला वाटत होतं की त्यांना दुखण्याची भीती आहे, नाहीतर म्हातारं दिसण्याची. तसं नव्हतं. गोळीचा पाक झाला की नाही हे बाबा दातांनी ओळखतात. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी उचलायचा आणि पुढच्या दातांत धरून चावायचा. दाताला चिकटला तर पाक कच्चा. कट्कन तुटला आणि दात कोरडा सुटला तर झाला, लगेच खाली उतरवायचा. क्षणभर उशीर झाला तर करपतो. त्यांच्या वडिलांनी असंच केलं आणि बाबांनीही असंच केलं. बाजारात थर्मामीटर मिळतो. आमच्याकडेही एक आहे, खिळ्याला टांगलेला, धूळ खात. बाबा म्हणतात, काचेच्या नळीला काय कळतंय पाकातलं.

मी लॅबमधून सुट्टी घेतली आणि एक अख्खा दिवस भट्टीच्या खोलीत स्टुलावर बसून राहिले. लहानपणापासून ही खोली पाहिलीय, पण नुसतं बघायचं म्हणून कधी बसले नव्हते. बाबा पाक चढवत होते. उकळी फुटली की थेंब पाण्यात, थेंब दातांत, चावा, थू. पुन्हा थोड्या वेळाने थेंब, चावा, थू. एका घाण्याला चारपाच चावे सहज होत. पाक उतरला की आई तो तेल लावलेल्या ओट्यावर ओतायची, दोघं मिळून मळायचे, लांब वळ्या करून कात्रीने तुकडे पाडायचे. आणि पुढचा पाक चढवण्याआधी बाबा कोनाड्यातली लिंबाची फोड उचलून दातांवर खसाखसा घासायचे आणि चोखायचे.

“हे काय?”

“तोंड साफ करायला. आधीच्या घाण्याचा गोडवा जिभेवर राहिला तर पुढचा कळत नाही. लिंबाने सगळं कसं लख्ख होतं. आणि मग ब्रश, म्हणजे कीड लागायची बातच नको.”

मी कपाळाला हात लावला. मेणाचे दात कोरण्यात माझं आयुष्य चाललंय आणि घरात हे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बाबांना समजवायला मला संध्याकाळ लागली. साखर किती खाल्ली याच्यापेक्षा किती वेळा तोंडात गेली याला महत्त्व आहे, हे त्यांना पटेचना. “पण मी थुंकतो ना!” एवढंच त्यांचं पालुपद. मी सांगितलं, तुम्ही थुंकता, पण दाताला लागलेलं थुंकलं जात नाही. तोंडातले जंतू त्या एवढ्याशा साखरेवर जगतात आणि आंबट सोडतात, त्याने दात झिजतो. एकदा गोड लागलं की दाताला सावरायला अर्धा तास तरी लागतो. कुणी जेवणानंतर एकदाच पोटभर मिठाई खाल्ली, तर त्याचे दात एकदाच मार खातात. तुमचे दात सकाळपासून मार खातायत, सावरायला उसंतच नाही. त्यात वरून लिंबू. ते तर नुसतंच आंबट, दाताचा वरचा थर मऊ करतं. आणि तो मऊ असतानाच तुम्ही ब्रशने खरवडून काढता.

बाबांनी बोटांवर हिशेब केला.

“म्हणजे मी गोड न खाता सगळ्यात जास्त गोड खाल्लं,” ते म्हणाले.

“तसंच म्हणा.”

“आणि साफ करतो म्हणून घालवले.”

मला एकदम त्यांची इतकी दया आली की मी पुढचं भाषण गिळलं. आई म्हणाली, “आता झालं ते झालं. उद्यापासून नळी.” बाबांनी मान हलवली. मी खिळ्यावरचा थर्मामीटर काढून धुतला, पुसला, पाक कुठल्या आकड्यावर उतरवायचा त्या जागी लाल दोरा बांधला. बाबांनी कानाला खडा लावला. पुन्हा चावणार नाही म्हणजे नाही.

नंतरचे दिवस फार बरे गेले. मी बाबांची कवळी मन लावून केली, एवढं मन मी कुणाच्या कवळीत घातलं नसेल. बाईंनी पुढच्या दोन दातांना टोप्या घातल्या. जेवणं सुधारली, बाबा दाणे खायला लागले, मधल्या वेळी नुसतं पाणी. आणि गोळ्या? गोळ्या अगदी पूर्वीसारख्या व्हायच्या. कडक, काचेसारख्या स्वच्छ, एकही चिकट नाही. मी लॅबमध्ये सगळ्यांना ऐकवलं की बघा, माझे बाबा या वयात थर्मामीटर शिकले. अभिमानाने जमिनीपासून दोन बोटं वर होते मी.

एक दिवस लॅबमधली वीज गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मी मागच्या दाराने घरात शिरले. भट्टीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पाक उकळत होता, थर्मामीटर खिळ्यावर होता, लाल दोऱ्यासकट. बाबांनी वाटीतल्या पाण्यातून थेंब उचलला. आई पदराला हात पुसत पुढे आली आणि तिने तोंड उघडलं. बाबांनी थेंब तिच्या दातांत ठेवला. तिने चावला, डोळे मिटले.

“अजून जरासा,” ती म्हणाली. “चिकटतोय.”

“नक्की?”

“नक्की. उतरवू नका.”

पुन्हा थेंब. पुन्हा चावा. “आता,” आई म्हणाली, आणि बाबांनी पातेलं उचललं. आईने सवयीने कोनाड्याकडे हात नेला आणि लिंबाची फोड तोंडात घातली.

मी दार ढकललं. दोघांनी मला पाहिलं. बाबांच्या हातात जड पातेलं, त्यामुळे त्यांना पळताही येईना.

“पाक ओतू दे आधी,” आई म्हणाली. “मग बोल काय बोलायचं ते.”

पाक ओतला, मळला, कापला. मी पण वळ्या करायला हात लावला, कारण गार होणारा पाक कुणाच्या भांडणासाठी थांबत नाही. शेवटचा तुकडा पडल्यावर आईच म्हणाली, “त्यांचे तीन घाणे करपले पहिल्या दोन दिवसांत. तुला नाही सांगितलं. रात्री जेवले नाहीत नीट. मी म्हटलं, माझे दात दगडाचे आहेत, मी चावते. त्यात काय एवढं?”

“मी नको म्हणत होतो,” बाबा म्हणाले. “म्हणजे, पहिल्यांदा म्हणालो.”

“आई, खिडकीत ये.”

“कशाला?”

“ये म्हणते ना.”

आईचे दात खरोखर सुंदर आहेत. या वयात बत्तीसच्या बत्तीस, सरळ, मोत्यासारखे म्हणतात ना तसे, आणि तिला त्याचा थोडा तोराही आहे. फोटो काढताना ती कधी तोंड मिटून हसत नाही. मी तिचा वरचा ओठ अंगठ्याने उचलला. हिरडीच्या अगदी कडेला, पुढच्या चारही दातांवर, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ होती. कीड लागण्याआधी दात असाच पांढरा पडतो. प्लास्टरमध्ये हे दिसत नाही, म्हणून मी ते पुस्तकात जास्त आणि माणसात कमी पाहिलं होतं. आता माझ्या आईच्या तोंडात पाहिलं.

“बाबा, इकडे या. चष्मा लावा.”

बाबा आले. मी बोट दाखवलं. आई मध्ये तोंड उघडं ठेवून “काय आहे, काय आहे” असं काहीतरी बोबडं बोलत होती. बाबा वाकून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “हे माझ्यामुळे?”

त्यांनी माझा अंगठा बाजूला करून आईचा ओठ हळूच खाली सोडला, तिच्या तोंडाच्या कडेला लागलेला साखरेचा कण बोटाने पुसला, आणि जाऊन भट्टी बंद केली. दुपारी. ऐन कामाच्या वेळी. आई म्हणाली, “अहो, अजून दोन घाणे आहेत,” तर म्हणाले, “चप्पल घाल.”

डॉक्टरीणबाईंकडे बाबा खुर्चीत बसलेच नाहीत. आईला बसवलं आणि स्वतः तिच्या पायाशी उभे राहिले. स्वतःच्या दातांबद्दल या माणसाने कधी दोन प्रश्न विचारले नव्हते, पण त्या दिवशी बाईंना बोलायला फुरसत दिली नाही. हे भरून येतं का? किती दिवसांनी? तिने काय खायचं? दूध चालेल का? चहा गोड घेते ती, दिवसातून चारदा घेते, तो बंद करू का?

“अहो, माझा चहा कशाला मध्ये आणता,” आई खुर्चीतून म्हणाली.

बाईंनी शांतपणे सांगितलं. अजून खड्डा पडलेला नाही. वरचा थर नुसता विरलाय. गोडाचे चावे आणि लिंबू आजपासून बंद केलं, चहा जेवणाखाण्याबरोबर घेतला, मधल्या वेळी पाणी, दूध किंवा दाणे, आणि मी देते ती फ्लोराइडची पेस्ट रात्री लावली, तर दात स्वतःला सावरून घेतो. काही महिने लागतील. पण चावे चालू राहिले तर याच रेघेवर खड्डे पडतील.

“सावरतो?” बाबांनी विचारलं. “म्हणजे पहिल्यासारखा?”

“बहुतेक. तुम्ही वेळेत आलात.”

बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, आणि एक फटकाही द्यावासा वाटला. मी दोन्ही केलं नाही, आईची पर्स धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा लॅबला गेले. भट्टीच्या खोलीत कोनाडा रिकामा होता, लिंबू नाही. बाबांनी पाक चढवला, थर्मामीटर आत सोडला, चष्मा लावला. वाफेने चष्मा धूसर झाला. पुसला, पुन्हा लावला, पुन्हा धूसर. तेवढ्यात पाकाला तो वास आला. तो वास आम्हा तिघांनाही ओळखता येतो. कडेने तांबूस, मग काळपट. घाणा करपला.

आई पुढे झाली. “द्या. एकदाच. पुढचा घाणा मी सांगते, मग तुम्ही शिका आरामात.”

“नको.”

“अहो, एका चाव्याने काय होतंय?”

“पाक करपला तर दुसरा चढवतो,” बाबा म्हणाले. “तू मागे हो.” त्यांनी करपलेलं पातेलं उचललं आणि मोरीत पालथं केलं. माझ्या आठवणीत या घरात साखर अशी कुणी फेकली नव्हती. आईच्या तोंडून “अगं बाई” एवढंच निघालं.

पातेलं घासलं. नवीन साखर, नवीन पाणी. पुन्हा वाफ, पुन्हा चष्मा. बाबा नळीवर वाकले आणि वैतागून ताठ झाले. “दिसतच नाही मला! आकडे आहेत का मुंग्या?”

आईने पदर खोचला. मग तिने स्टूल ओढलं, भट्टीच्या बाजूला, जिथे वाफ येत नाही तिथे बसली आणि नळीकडे बघून आकडे वाचायला लागली. आधी हळू, मग ठणठणीत आवाजात. दोऱ्याच्या जरा खाली आहे. अजून खालीच आहे. चढतोय. चढतोय. बाबांच्या हातात डाव होता, पण पाक ढवळायचं सोडून ते आईच्या तोंडाकडेच बघत होते, ती प्रत्येक आकडा सांगताना दिसणाऱ्या दातांकडे.

“माझ्याकडे काय बघताय,” आई म्हणाली. “पाकाकडे बघा.”